पदच्युत अध्यक्षांचा अर्ज

बाबा : ...तर काढून टाकलेला अध्यक्ष परत उभा राहू शकत नाही, असं कुठे लिहिलंय ते दाखव.

मुलगी : नाही लिहिलेलं. वाचनालयाची घटना तुम्हीच लिहिलीत, बाबा. आपल्याला कुणी काढेल हे तुमच्या स्वप्नातही नव्हतं.

बाबा : याला दूरदृष्टी म्हणतात. काढण्याचा ठराव वेगळा, बंदीचा वेगळा. तुम्ही पहिला केलात, टाळ्या वाजवल्यात आणि चहाला गेलात.

मुलगी : टाळ्या मी नाही वाजवल्या.

बाबा : तू ठराव वाचलास, चिटणीसबाई! काय तो खणखणीत आवाज. मलाच वाटलं, कोण हा नालायक, काढा याला.

मुलगी : मग रहस्यकथांच्या पहिल्याच पानावर पेन्सिलीनं खुन्याचं नाव कोण लिहीत होतं?

बाबा : वाचकांनी जरा भाषेकडे लक्ष द्यावं म्हणून!

मुलगी : त्रेचाळीस पुस्तकं. आणि एकात चुकीचं नाव.

बाबा : त्याची मी जाहीर माफी मागितली. माळी निर्दोष होता.

मुलगी : लोक किती हसले.

बाबा : हसले आणि हसत हसत मला काढायला हात वर केले. ते जाऊ दे. हा अर्ज घे, सूचक म्हणून सही कर.

मुलगी : जिनं काढलं तिनंच सुचवायचं? लोक म्हणतील, या घरात एकाचं डोकं ठिकाणावर नाही.

बाबा : एकाचंच म्हणाले तर नशीब समज.

मुलगी : उद्या बघू. पुस्तकातलं एवढं प्रकरण संपवू दे.

बाबा : दोन महिने संध्याकाळी तुझी पाठच बघतोय. वाचनालयात निदान लोक तोंड दाखवायचे.

(तीन आठवड्यांनी, त्याच टेबलाशी. त्या बोलण्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा गेले.)

आई : वाचनालयातून फोन होता. अर्जाची मुदत आज संपते. इच्छुकांच्या यादीतून यांचं नाव वगळायचं का, विचारत होते बिचारे. जीभ रेटत नव्हती त्यांची.

मुलगी : काय सांगितलंस?

आई : म्हटलं, चिटणीसबाईंना विचारा.

मुलगी : मेलेला माणूस उभा राहू शकत नाही, असंही घटनेत कुठे नाही.

आई : तेही लिहायला विसरले?

मुलगी : तेही.

आई : कठीण आहे. अगं, पण त्यांच्या अर्जावर ही सही तुझी? केव्हा केलीस?

मुलगी : मघाशी. इतकी तत्पर चिटणीस शोधून सापडायची नाही.

आई : त्यांनी राग नव्हता गं धरला. म्हणायचे, पोरीनं वाचकांची बाजू घेतली, बरोबर केलं.

मुलगी : तेच तर. वाचकांची नव्हती घेतली.

आई : मग?

मुलगी : वाचक हे निमित्त. मला कळायला लागल्यापासून रोज सहा ते नऊ बाबा वाचनालयातच. वाटलं, तिथून काढलं की घरी येतील.

आई : आले की.

मुलगी : आले. आणि मी पुस्तकात डोकं खुपसून बसले. एवढं वाचून हे शहाणपण.

आई : सांग मग त्यांना.

मुलगी : कुणाला, रिकाम्या खुर्चीला?

आई : घटनेत मनाई नसेल तर. मी आत जाते.

मुलगी : बाबा... मला तुम्ही संध्याकाळी घरी हवे होतात.