स्क्रूवरची लाल रेघ

अरे यार, पेट्रोल वाचवायचा झटका मलाही एकदा आला होता. दिल्लीत मयूर विहारला राहायचो तेव्हा. बायकोच्या इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी मी स्कूटरच्या कार्बोरेटरचा स्क्रू पिळून पेट्रोल कमी केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला सोडायला निघालो, तर कडाक्याच्या थंडीत यमुनेच्या पुलावर स्कूटर बंद! किका मारून मारून मला घाम फुटला.

"स्क्रू किती फिरवलात?" बायकोने विचारलं.

"मोजलं नाही गं, पण एका फेऱ्याच्या आतच."

"मग खाली वाकून बघा. स्क्रूवर आणि त्याच्या शेजारी लाल नेलपॉलिशची एकेक रेघ आहे. दोन्ही रेघा जुळवा."

जुळवल्या, आणि एका किकमध्ये सुरू! इंटरव्ह्यूच्या ऑफिसच्या गेटपाशी वेळेत पोचलो, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

"पण रेघ मारलीस कधी?"

"तुम्ही स्क्रूड्रायव्हर विकत आणलात ना, त्याच संध्याकाळी."