ओट्याची उंची

आमच्या नेरडीगोंड्याच्या घराचं काय झालं, ऐका! नकाशा अन् बांधकाम, दोनी मी एकाच ठेकेदाराले देल्लं. मोठ्या दिलानं म्हनलं, "डिझाइन तुमीच करा, आमी काहीच सांगत नाही."

ठेकेदार सहा फूट उंच, अन् माही बायको साडेचार फूट! त्यानं बांधलेला सैपाकाचा ओटा बायकोच्या हनुवटीले लागला. ती हसून हसून खालीच बसली.

मी म्हनलं, "एवढा उंच काऊन बांधला जी?"

"सर, तुमी काहीच सांगतलं नाही. मी माह्या अंगानं मोजलं."

आता ओटा फोडाचा होता. बाकीचं घरबी असंच होईन म्हनून मी घाबरून कागद-पट्टी घेतली अन् अख्ख्या घराचा नकाशा काढाले बसलो. बायको उठली, भिंतीले कोपर टेकवलं अन् विटेच्या तुकड्यानं तिथं रेघ ओढली.

"घ्या भाऊ, ओटा इथवरच. आमच्याकडून एवढंच डिझाइन. बाकी तुमी करा."