पूजेला मांडलेलं मशीन

(खंडेनवमीची दुपार. पलूसच्या एका दूध संघाचं ऑफिस, सुट्टीमुळं सामसूम. मशीनच्या खोलीला कुलूप आहे आणि दाराबाहेर खुर्ची टाकून नानासो बसलेत. फौजेतनं रिटायर झाल्यापासून या खोलीची राखण त्यांच्याकडं. समोर उभ्या आहेत विजयमाला, संघाचा सगळा डेटा इतकी वर्षं सांभाळणाऱ्या बाई. साताऱ्याहून तडक एसटीनं आल्यात, खांद्यावरची पिशवीसुद्धा अजून उतरवलेली नाही. दोघांचाही आवाज चढलाय आणि दोघांनाही ते आवडलेलं नाही.)

विजयमाला: किल्ली द्या, नानासो.

नानासो: आवं, देतो की. उद्या सांजंला सोनं वाटून झालं की पयली तुमच्या हातात.

विजयमाला: उद्या सांजंला घेऊन काय करू? कुलपाला ओवाळू?

नानासो: आज खंडेनवमी हाय, म्याडम. मशीन पूजेला मांडलंय. सकाळी आंघोळ करून आलो, पुसून घेतलं, हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. पूजेतलं हत्यार दसरा झाल्याबिगर उचलत न्हाईत. ह्ये मी तुमाला सांगायचं व्हय?

विजयमाला: दर साली मीच नारळ फोडते की तिथं. मला काय ठाऊक न्हाई?

नानासो: मग?

विजयमाला: दर साली आत काय चाललेलं नसतं! औंदा चाललं होतं. मशीनमधली सगळी माहिती क्लाउडवर पाठवत होतो आपण. हरेक शेतकऱ्याचं दूध, फॅट, जनावराचं औषधपाणी, सगळं. काल संपायचं ते लाईट गेली म्हणून लांबलं. आज दुपारपतोर झालं असतं. मी तिकडं आईकडं जेवायला बसले, पोळीवर तूप पडलं, सहज मोबाईल बघितला तर पाठवणं बंद! मला वाटलं मशीन जळलं. हात धुतला आन स्टँड गाठलं. कऱ्हाडला गाडी बदलताना नुसता धावा करत होते. आन इथं येऊन खिडकीतनं बघते तर मशीनच्या गळ्यात माळ.

नानासो: जळंल कशाला? तुमी शिकीवलंय तसंच बंद केलं. आदी पडद्यावरनं, मग मागलं बटण. खटका वडला न्हाई.

विजयमाला: बंद लय बेस केलंय. पण मला एक फोन करायचा होता.

नानासो: म्हणलं लेक सणाची म्हायेरी गेलीया, कशाला तरास द्या. आन मला वाटलं झालं असंल तुमचं धाडून. बरं, धाडायचं म्हंजी नक्की कुटं?

विजयमाला: मुंबईकडं. तिथं मोठाल्या इमारती हायत, आत नुसती मशीनंच. आपण त्यातली थोडी जागा भाड्यानं घेतलीय.

नानासो: आन त्यांची पूजा केली का न्हाई कुणी आज?

विजयमाला: मला काय माहीत!

नानासो: बगा. आन असल्या मशीनच्या हवाली करताय सगळं.

विजयमाला: नानासो, चेष्टा न्हाई ही. उद्या सकाळच्या दुधाला सगळ्या गावची केंद्रं नव्या सिस्टीमवर चालू व्हायची हायत. चेअरमनसाहेब दसऱ्याचा मुहूर्त धरून बसलेत, पत्रिका वाटल्यात. आन साहेबांनी मला समोर बसवून सांगितलंय, हे काम घरच्या घरी जमलं तर नवा विभाग पलूसला आन तुमच्याकडं. न्हाई जमलं तर सगळं पुण्याच्या कंपनीला.

नानासो: आन तुमी?

विजयमाला: मी स्टोअरला. पेंडीच्या पोत्यांवर देखरेख करायला.

नानासो: तुमी? पेंडीवर?

विजयमाला: तेच म्हणतेय मी. थांबा, ऋषिराजचा फोन आला. क्लाउडवाल्यांचा पोरगा हो, पुण्यात असतो, तिकडची बाजू बघतोय तो. स्पीकरवर घेते. बोल रे.

ऋषिराज: ताई, काय झालंय? सकाळपासून एक अक्षर येत नाहीये. सर्व्हर गेला का?

विजयमाला: गेला नाही. पूजेला बसलाय.

ऋषिराज: म्हणजे?

विजयमाला: म्हणजे हळद, कुंकू, झेंडू. खोलीला कुलूप आहे आणि किल्ली ज्यांच्याकडं आहे ते माझ्यापुढं हाताची घडी घालून बसलेत.

नानासो: रामराम, साहेब.

ऋषिराज: रामराम, काका. ताई, आता पुन्हा पहिल्यापासून पाठवायचं म्हणजे उद्याचं विसरा.

विजयमाला: पहिल्यापासून कशाला? मी तालुक्याप्रमाणे तुकडे पाडून ठेवले होते. जे गेले ते गेले. आता आटपाडी आणि जत राहिलंय. मशीन चालू झालं तर दिवेलागणीपर्यंत होईल.

ऋषिराज: तुम्ही तुकडे करू म्हणालात तेव्हा मी म्हटलं होतं, ही जुनी पद्धत आहे.

विजयमाला: जुनीच आहे. लाईट जाणाऱ्या गावातली आहे.

ऋषिराज: बरं, मग चेअरमनना फोन करा ना. ते एका मिनिटात किल्ली द्यायला लावतील.

विजयमाला: लावतील. नानासोंना चार शब्द सुनावतील आणि हे मुकाट्यानं किल्ली काढून देतील. मला तशी नकोय. हे या दाराशी बसतात म्हणून मी घरी निवांत झोपत आले. ते काय किल्ली हिसकावून घ्यायला?

नानासो: म्याडम, मीबी काय आडमुठा न्हाई. पर देवाचं हाय. मन धजत न्हाई, बगा.

विजयमाला: धजत न्हाई ते दिसतंय मला. ऋषिराज, तुझ्या बाजूचं तरी तयार ठेव. मशीन चालू झालं की तुला तिकडून परवानगी परत द्यावी लागेल.

ऋषिराज: हो. तिथं एक छोटीशी अडचण आहे.

विजयमाला: आता काय?

ऋषिराज: हसू नका. मी सुट्टीला घरी आलोय, उंब्रजला. आणि माझा लॅपटॉप आईनं सकाळीच देव्हाऱ्यापुढं मांडलाय. विळा, खुरपं, अडकित्ता, वडिलांची टेपपट्टी आणि मधोमध माझा लॅपटॉप. वर तांदूळ वाहिलेत. हात लावू देत नाहीये. मघापासून मी मोबाईलवरच बघतोय सगळं.

नानासो: आता कसं बोललात, साहेब! शाणी हाय माऊली.

विजयमाला: म्हणजे हिकडं मशीन पूजेत, तिकडं लॅपटॉप पूजेत. वा. आन मी पंचेचाळिशीत परीक्षा देऊन सर्टिफिकेट घेतलं ते ह्यासाठी!

ऋषिराज: मी अजून एकदा विचारून बघू आईला?

विजयमाला: थांब जरा. मला एक विचारू दे. नानासो, फौजेत होती का हो नवमी?

नानासो: व्हती म्हंजी? दणक्यात. आमची पोस्ट पार वरती, बरफात. तरी सगळी हत्यारं मांडायची. सुभेदारसाब सोता गंध लावायचे. शिरा असायचा.

विजयमाला: सगळी हत्यारं मांडायचा?

नानासो: सगळी. अगदी कुदळ-फावडंबी.

विजयमाला: मग त्या दिवशी पहारा कोण द्यायचं? आन कशानं? काठी घेऊन?

नानासो: काठी घिऊन कसं...

विजयमाला: मग?

नानासो: पहाऱ्यावरच्या गड्याची बंदूक न्हाईत मांडत.

विजयमाला: मग तिची पूजा राहायची तशीच?

नानासो: ऱ्हाईल कशी? ताट घिऊन पंडितजी जायचे की तितवर. आपण जाग्यावर उबं, बंदूक खांद्याला, नजर म्होरं. तितंच नळीला गंध, तितंच फूल. मी सोता उबा व्हतो की येका नवमीला. फूल वाऱ्यानं उडून गेलं, तरी मान वळवली न्हाई. पहारा म्हंजी पहारा.

विजयमाला: मग ह्या मशीनला आज पहारा हाय.

नानासो: आं?

विजयमाला: पूजा झाली, गंध लागलं, माळ पडली. माळ काढू नका. पण आज ही पहाऱ्यावरची बंदूक हाय, हिला उभं राहायचंय. तिच्या जागेवर दुसरं येऊन उभं राहीपर्यंत तिनं बसायचं न्हाई.

नानासो: आवं मग ह्ये आदी न्हाई सांगायचं? उगंच आपलं क्लाउड, मुंबई, तुकडं! मशीन ड्यूटीवर हाय एवढं म्हणाला असता तर मी सकाळी उभ्यानंच गंध लावलं असतं, बटणाला हात घातला नसता. सरका. किल्ली कमरंला हाय.

ऋषिराज: काका, एक विनंती आहे. हेच जरा माझ्या आईला सांगाल का?

नानासो: द्या की त्यांच्याकडं. ... रामराम, वैनी. मी नानासो, पलूसनं बोलतोय, दूध संघातनं. व्हय, फौजी हाय मी. पूजा झाली का? झाली. लय ब्येस. तर असं हाय वैनी, तुमच्या ल्येकाला आज पहारा लागलाय. व्हय, सणाचाच. काय करता, हुकूम हाय. पहाऱ्यावरच्याचं हत्यार आडवं ठिवत न्हाईत, गंध लावून त्याच्या हातात देत्यात. फौजेत तसंच असतंय. तांदूळ तसंच ऱ्हाऊं द्या वरती. व्हय. दिला का? बरं झालं. आन पोराला जेवू घाला आदी, आवाज बारीक येतोय त्याचा.

ऋषिराज: मिळाला! काका, तुम्ही कमाल आहात. ताई, कीबोर्डमध्ये तांदूळ गेलेत, पण चालतोय.

विजयमाला: मशीन उठलं बघ. दिवे लागले. तुझ्याकडं दिसतंय का?

ऋषिराज: एक मिनिट. परवानगी दिली. हो, आला. आटपाडीचा तुकडा सुरू झाला.

विजयमाला: फोन ठेव आता आणि जेव. शेवटचा आला की कळव.

नानासो: बसा, म्याडम. ती पिशवी उतरा खांद्यावरनं. घरनं आमच्या धोंडुबाईनं डबा दिलाय, पोळ्या हायत. तुमचं साताऱ्याचं ताट गेलं, ह्ये माझ्यामुळं.

विजयमाला: द्या. लय भूक लागलीय, खोटं कशाला बोलू. ... धोंडुबाईंच्या हातची चव न्यारीच हाय. खरं सांगू का नानासो, गाडीत बसले तवा वाटलं होतं, संपलं सगळं. आमचे मालक, वीरधवल, फोनवर म्हणत होते, नोकरीच हाय ती, जीव न्हाई. बरोबर हाय त्यांचं. पण जीव लागलाय त्याला काय करू?

नानासो: येक इच्यारू? इतकी वर्सं तुमी ह्ये सांबाळलंच की. मग आता नवं ते काय हाय त्या विभागात?

विजयमाला: इतकी वर्षं मी निस्तं सांभाळलं. हरवू द्यायचं न्हाई, बिघडू द्यायचं न्हाई, कुणी मागितलं की काढून द्यायचं. आता त्याच माहितीला आपण विचारायचं. परवा चाचणीला बसले होते, तर डोंगराकडच्या एका वाडीतलं दूध रोज जरा जरा उतरताना दिसलं. रोजचं बघणाऱ्याला कळतंय का ते? न्हाई कळत. डॉक्टरांना धाडलं, तर म्हशींच्या कासेला सूज येऊन दगडी धरत होती. वेळेत सापडली. एक म्हैस गेली न्हाई.

नानासो: म्हंजी हितं बसून तितली म्हस दिसली?

विजयमाला: दिसली. त्या दिवशी घरी जाताना मी एकटीच हसत होते. समीक्षा म्हणाली, आई, काय झालंय तुला? काय सांगणार तिला? म्हणलं, इतकी वर्षं जे राखलं ते आज पहिल्यांदा माझ्याशी बोललं.

नानासो: मग लागंल बगा काम तुमाला तितं. पेंडीवर न्हाई जायचं आता.

विजयमाला: अजून जत राहिलंय. बोलू नका तोवर.

नानासो: बरं, न्हाई बोलत. पोळी घ्या आनिक येक. आन म्याडम, ह्या खोलीचं वो? मशीन गेल्यावर मी काय राखायचं? रिकाम्या खोलीम्होरं खुर्ची टाकून बसलो तर लोकं हासत्याल.

विजयमाला: नवा विभाग ह्याच खोलीत बसणार हाय. मी, अजून दोघी पोरी आन एक डॉक्टर. गावोगावचे गवळी यायचे त्यांच्या तक्रारी घेऊन. साहेबांना मी सांगितलंय, दाराशी माणूस पाहिजे आन तो आमचाच पाहिजे.

नानासो: कवा सांगितलं?

विजयमाला: महिना झाला असंल.

नानासो: आन मी किल्ली दिली नसती तर?

विजयमाला: तर मी स्टोअरला आन तुमी बी माझ्यासंगं पेंडीवर. दोन खुर्च्या टाकल्या असत्या.

नानासो: लय आगाव बाई हाय. ... दिवेलागण झाली बगा, वाजतोय तुमचा फोन.

ऋषिराज: ताई! जत आलं. शेवटचा तुकडासुद्धा. इकडची आणि तिकडची मोजदाद मी पडताळून पाहिली, पूर्ण जुळतेय. एकही नोंद सुटलेली नाही.

विजयमाला: परत एकदा बघ.

ऋषिराज: दोनदा बघितलंय. ताई, झालं. तुम्ही केलंत. सकाळची केंद्रं बिनधास्त नव्यावर सोडा. जुनं मशीन आता बंद केलं तरी चालेल.

विजयमाला: ... हो. ठेवते रे. आईला माझा नमस्कार सांग.

नानासो: डोळं पुसा. सणाचं रडू नये.

विजयमाला: रडत न्हाई, नानासो. आनंद झालाय, बाकी काय न्हाई. चला, बंद करा मशीन.

नानासो: तुमीच करा. आणलं तवा तुमीच चालू केलं व्हतं.

विजयमाला: आदी पडद्यावरनं. ... मग मागलं बटण. ... गेले दिवे. घ्या नानासो, सुटला हिचा पहारा. आता मांडा पूजेला.

नानासो: माळ तशीच हाय, निस्तं गंध लावतो परत. ... उद्या सोनं वाटून झालं की सगळी आपापली हत्यारं उचलत्यात. हिला कोण उचलणार?

विजयमाला: हिला आता कुणी उचलायचं न्हाई. पडू दे निवांत.

नानासो: आन तुमी?

विजयमाला: मी सकाळच्या दुधाला हाय की.