ओरीचं फाटक

(नोव्हेंबर. आइसलंडच्या पूर्वेला, पठाराच्या पायथ्याशी पेट्रोलपंपाचं छोटं उपाहारगृह. बाहेर बर्फाचं वादळ, वरचा रस्ता बंद. दोन कादंबरीकार बायका एका टेबलाशी, समोर मटणाचं सूप.)

ओड्नी : आणि तू त्या मुलाखतवाल्या बाईला सरळ सांगितलंस, की समुद्राकडे बघता बघता सुचलं.

साल्वर : मुलाखत होती. काहीतरी सांगावं लागतं ना.

ओड्नी : समुद्राकडे बघून मासे सुचतात गं. फाटक नाही सुचत.

साल्वर : आणि तू काय सांगितलंस रेडिओवर? आजीच्या घरातलं एक जुनं चित्र म्हणे. तुझ्या आजीच्या घरी चित्र होतं कुठे? ओरी म्हणायचा, सगळ्या घरात मिळून भिंतीवर एक कॅलेंडर होतं, तेही मासेमारी संघाचं.

ओड्नी : ओरी तुझ्याशी माझ्या आजीबद्दल बोलायचा?

साल्वर : सहा वर्षं नवराबायको होतो आम्ही. कधी ना कधी स्वतःचे विषय संपतातच.

ओड्नी : सूप घे अजून. दुसरा वाडगा फुकट असतो.

साल्वर : नको. कधी उघडणार म्हणाला पंपवाला रस्ता?

ओड्नी : वारा पडला की. तोवर बस माझं तोंड बघत. प्रकाशकांनी डोकं मात्र छान लावलंय. एकाच माणसाची पहिली बायको आणि दुसरी बायको, दोघींना एका गाडीत घातलं की झालं. पेट्रोल वाचलं.

साल्वर : नाताळच्या आधी सगळेच लेखक नवी पुस्तकं वाचून दाखवत असे जोडीजोडीने गावोगाव हिंडतात. गेल्या वर्षी माझ्याबरोबर एक कवी होता. वाटभर घोरला. तेव्हा वैताग आला होता, आता त्याची आठवण येतेय.

ओड्नी : त्या कवीच्या पुस्तकात तुझंच पान नव्हतं ना पण.

साल्वर : तुझंच म्हणजे काय? पान माझं आहे.

ओड्नी : सात वर्षांचा मुलगा. पहाट. आई बॅग घेऊन निघालेली. बॅग जड म्हणून तो धावत पुढे जातो आणि तिला फाटक उघडून देतो. त्याला वाटतं, ती दुकानात चाललीये. ती जाते ती जातेच. हे तुझं?

साल्वर : मला गोष्ट सांगू नकोस. मी लिहिलीये ती.

ओड्नी : मीही लिहिलीये. आणि दोन्ही पुस्तकं एकाच आठवड्यात दुकानात.

साल्वर : मला काय स्वप्न पडलं होतं, तू काय लिहितेस त्याचं? तू सांगतेस का कुणाला?

ओड्नी : आपल्याकडे कोण सांगतं? सगळे उन्हाळाभर तोंड शिवून बसतात आणि शरदात सगळी पुस्तकं एकदम बाहेर. छापायच्या आधी मला एक फोन केला असतास, तर ही वेळ आली नसती.

साल्वर : तू केला असतास मला?

ओड्नी : नाही.

साल्वर : मग झालं तर.

ओड्नी : झालं कसं? आज रात्री वाचायचं कुणी ते ठरायचंय अजून. दोघींनी एकापाठोपाठ एक तेच वाचलं तर लोक हसतील. मी मोठी आहे, मी वाचणार.

साल्वर : वयावर असतं का हे? टीव्हीवरचा तो टकल्या समीक्षक काय म्हणाला आठवतंय ना? दोन्हीकडे फाटक आहे, पण साल्वरचं फाटक मनात राहतं.

ओड्नी : त्याला माझ्या घटस्फोटानंतर दोनदा कॉफीला नाही म्हटलं होतं मी. त्याच्या मनात काय राहतं ते मला विचार.

साल्वर : माझं वाचलंस का तू?

ओड्नी : मला काय गरज? मूळ माझ्याकडे आहे.

साल्वर : मूळ. हं. तुला कधी सांगितलं त्याने?

ओड्नी : तुला कधी सांगितलं?

साल्वर : मी आधी विचारलं.

ओड्नी : त्याच्या वडिलांना पुरून आलो त्या दिवशी. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. नऊ वर्षं मी त्या माणसाच्या शेजारी झोपत होते, आणि आईचं नाव काढलं की तो उठून भांडी घासायला जायचा. घर लख्ख असायचं आमचं. मग त्या दिवशी स्वयंपाकघरात उभा राहून, कोटसुद्धा न काढता सगळं बोलला. आता तुझं सांग.

साल्वर : नको.

ओड्नी : सांग म्हणते ना.

साल्वर : तिसऱ्या आठवड्यात.

ओड्नी : लग्नानंतर?

साल्वर : ओळख झाल्यानंतर. पोहायच्या तलावावर गेलो होतो, तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात बसलो होतो. वरून बर्फ पडत होता. मी काही विचारलंही नव्हतं.

ओड्नी : तिसऱ्या आठवड्यात. गरम पाण्यात.

साल्वर : तू असं तोंड करू नकोस. तुला वाटतं माझं बरं चाललं होतं? काय म्हणाला होता माहितीये तेव्हा? म्हणे, हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. ओड्नीलासुद्धा नाही. तुझं नाव घेऊन म्हणाला.

ओड्नी : असं म्हणाला?

साल्वर : शब्दन् शब्द. आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवला. त्या घरात सगळं तुझं वापरलेलं होतं, ओड्नी. कढई तुझी. पलंग तुझा. सुट्टीला जायचं ते घरही तू शोधलेलं. भांडणसुद्धा असं करायचा जसं काही तुझ्याशी पाठ केलेलं आहे. एकच गोष्ट माझी होती, ती ही. मी ती बारा वर्षं जपली. आणि ऑक्टोबरमध्ये तुझं पुस्तक उघडते, तर त्यात तीच.

ओड्नी : म्हणजे तू माझं वाचलंस.

साल्वर : पहिल्याच दिवशी. अख्खं. मला झोप आली नाही दोन रात्री.

ओड्नी : कसं वाटलं?

साल्वर : तुझं नेहमीचं. कोरडं आणि चांगलं. जीव जळला माझा.

ओड्नी : तो टकल्या असं का म्हणत नाही कधी?

साल्वर : थांब, तुझा फोन वाजतोय.

ओड्नी : एल्वा आहे, ग्रंथालयातली. टेबलावर ठेवते, तूही ऐक. हं, बोल एल्वा.

एल्वा : कुठे पोचलात गं तुम्ही? इथे माणसं यायला लागलीत. केक तीन आणलेत, एक तर अर्धा संपलासुद्धा. बायका विणकाम घेऊन बसल्यात, त्यांना काही घाई नाही, पण कॉफी मी दुसऱ्यांदा लावलीये.

ओड्नी : पंपावर अडकलोय. वर उघडलं की निघतोच.

एल्वा : उघडेल आता, इकडे वारा पडला. मी फोन वेगळ्यासाठीच केला होता. वालबोर्ग आलीये.

साल्वर : कोण वालबोर्ग?

एल्वा : ओरीची आई हो. तुमची सासू. म्हणजे, दोघींची. पहिल्या रांगेत बसलीये, दोन्ही पुस्तकं मांडीवर. आम्ही सगळे बघतच राहिलो. चाळीस वर्षं या गावात आहे ती, पण कधी कुठल्या कार्यक्रमाला आलेली नाही.

ओड्नी : रागावलीये?

एल्वा : नाही तशी. दिसत तरी नाही. टोपी काढली नाही अजून. मी आपली कॉफी द्यायला गेले आणि मेलं माझं तोंड, बोलून गेले की त्या फाटकाचं वाचताना मी रडले हो. तर म्हणाली, कुठलं फाटक? आमच्या घराला फाटक नव्हतंच. कुंपणसुद्धा नव्हतं. मेंढ्या दारापर्यंत यायच्या.

साल्वर : फाटक नव्हतं?

एल्वा : नव्हतं म्हणाली. आणि म्हणाली, पोर झोपलं होतं. मी उठवलं नाही त्याला. उठवलं असतं तर गेले नसते. एवढंच बोलली आणि केक घेतला. आता मला विचारते, दोघींतली कोण वाचणार फाटकाचं? त्याच्यासाठी आलीये म्हणे. काय सांगू तिला?

ओड्नी : येतोय म्हणून सांग.

एल्वा : बरं. सावकाश या, वळणावर निसरडं असतं. केक ठेवते तुमच्यासाठी.

साल्वर : फोन ठेवला का तिने?

ओड्नी : ठेवला.

साल्वर : झोपला होता.

ओड्नी : हं.

साल्वर : मग मला गरम पाण्यात बसून ते काय सांगत होता? कडी गार होती, बोट चिकटलं, सगळं सांगितलं त्याने. मी त्या बोटाचं चुंबन घेतलं होतं, ओड्नी.

ओड्नी : मीही.

साल्वर : खोटारडा.

ओड्नी : खोटारडा काय. जरा विचार कर. सात वर्षांचं पोर सकाळी उठलं तर घरात आई नाही. काय करेल ते? त्याने स्वतःला त्या पहाटे जागं केलं. कपडे घातले. कुठून तरी एक फाटक आणून लावलं, म्हणजे आपल्याला काहीतरी काम असावं. आणि आईला नीट निरोप दिला.

साल्वर : आणि आपण दोघींनी तो जशाचा तसा उतरवून घेतला.

ओड्नी : हो. मी कोरडा उतरवला, तू जरा ओला.

साल्वर : आयुष्यात त्याने नाताळच्या कार्डापलीकडे काही लिहिलं नाही. तेही मीच लिहायचे, तो सही करायचा. आणि माझ्या पुस्तकातलं एकमेव पान, जे लोकांच्या मनात राहतं, ते त्याचं. मला इतका हेवा वाटतोय त्याचा की सांगता येत नाही. तुझा वाटायचा त्याहून जास्त.

ओड्नी : माझाही वाटू दे थोडा. सवय मोडू नये.

साल्वर : त्या गुरांच्या डॉक्टरणीला सांगितलं असेल का त्याने? हल्लीच्या?

ओड्नी : सांगितलं असेलच. ती लिहीत नाही, एवढं नशीब त्याचं.

साल्वर : बघ, वरच्या रस्त्याचा लाल दिवा गेला वाटतं. गाड्या सुटतायत. ओड्नी, आज तू वाच. तू मोठी आहेस, मघाशी तूच म्हणालीस.

ओड्नी : मघाशी ती पहिल्या रांगेत नव्हती.

साल्वर : मी नाही वाचणार तिच्या तोंडावर. तिच्या मुलाने रचलेलं, तिच्याबद्दलचंच, आणि ती टोपी घालून बसलेली. आपण दुसरंच काहीतरी वाचू. तुझ्यात ते लग्नाचं प्रकरण आहे ना, ते मजेदार आहे. लोक हसतील.

ओड्नी : ती त्याच्यासाठी आलीये, साल्वर. एवढ्या वर्षांनी घरातून निघून, गावासमोर येऊन बसलीये. तिला लग्नाचं प्रकरण वाचून दाखवायचं? वाचायचं ते फाटकाचंच. आणि तू वाचायचं.

साल्वर : मीच का?

ओड्नी : तुझ्यात ती वळून बघते.

साल्वर : तू वाचलं नाहीस म्हणाली होतीस.

ओड्नी : दुकानात उभ्याने वाचलं. तेवढंच पान. मग पुस्तक परत जागेवर ठेवलं आणि गाडीत जाऊन बसले, गाडी चालू करायला जमेना. माझ्यात ती वळत नाही. सरळ चालत जाते. कारण मला सांगताना ती वळली नव्हती. मी विचारलंही होतं त्याला, वळून बघितलं का रे तिने? नाही म्हणाला. आणि तुझ्या पुस्तकात बघते तर ती रस्त्यावर थांबते, बॅग खाली ठेवते, वळते आणि हात वर करते.

साल्वर : हो.

ओड्नी : नऊ वर्षं आणि तिसरा आठवडा, तो टकल्या, सगळं गेलं खड्ड्यात. मला जे लागलं ते हे. तिला तिथे बसून एवढं तरी ऐकू दे, की ती वळली होती.

साल्वर : वाचते मी. कोट घाल, निघू.

ओड्नी : थांब. एक खरं सांग. ते वळणं तुझं की त्याचं?

साल्वर : काय फरक पडतो आता?

ओड्नी : मला पडतो. तुला सुचलं असेल, तर तू माझ्याहून चांगली लेखिका आहेस. मला आख्खं पुस्तक लिहून ते सुचलं नाही. आणि त्याने सांगितलं असेल, तर तुझ्याजवळ तो इतका सुखात होता की आईला वळवू शकला. माझ्याजवळ नाही जमलं त्याला ते.

साल्वर : यातलं तुला काय झेपेल?

ओड्नी : बायको म्हणून जळायची सवय झालीये मला, बारा वर्षांची. ते पोटात घालून मी जेवते, झोपते, लिहितेसुद्धा. पण लिहिणं गेलं तर माझ्याकडे काही राहत नाही गं.

साल्वर : सूप निवलं तुझं.

ओड्नी : राहू दे. सांग.

साल्वर : मग ते त्याचंच होतं.