तिसऱ्या बाटलीतली झडप

सोमवार, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे.

मी, खाली सही करणारी, वय ४६ वर्षे, शिक्षण बारावी, धंदा हृदयाच्या कृत्रिम झडपा शिवणे, राहणार कंपनीच्या मागच्या गल्लीत, चपलांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, आईसोबत, आज कुणीही न बोलावता पोलीस ठाण्यात हजर होऊन समक्ष जबाब देते की,

“एकीला हात दिलेत, एकीला डोकं. हातांनी कमवावं, डोक्यानं शिकावं.” हे वाक्य माझे वडील अठ्ठावीस वर्षांपूर्वी म्हणाले. त्यांचे काम तेव्हा सुटले होते. हात म्हणजे मी. डोके म्हणजे माझी धाकटी बहीण, तेव्हा तेरा वर्षांची. याचा चोरीशी काय संबंध, असे जबाब लिहून घेणाऱ्या साहेबांनी विचारले. संबंध आहे, लिहून घ्या, असे मी म्हणाले. त्यांनी लिहून घेतले.

त्यानंतर मी अकरा वर्षे घरी कपडे शिवले. गेली सतरा वर्षे या कंपनीत आहे. आमच्याकडे झडपा हातानेच शिवतात. जनावराच्या हृदयावरच्या पातळ आवरणाच्या तीन पाकळ्या कापतात आणि त्या धातूच्या जाळीला शिवतात. दोरा केसाहून बारीक असतो, म्हणून सगळे काम सूक्ष्मदर्शकाखाली चालते. एका झडपेला बाराशेच्या आसपास टाके, अडीच दिवस. शिवणाच्या खोलीत आम्ही चौदा बायका आहोत. प्रत्येकीला टेबलाच्या नंबराने ओळखतात. मी सात नंबर. सतरा वर्षांत माझ्या बारा झडपा नापास झाल्या. त्यातल्या नऊ पहिल्या वर्षातल्या आहेत.

कंपनीला सल्ला देण्यासाठी पाच डॉक्टरांचे मंडळ आहे. दर चार महिन्यांनी ते येतात. कोणती झडप पुढे न्यायची, कोणती नाही, हे त्यांच्या शब्दावर ठरते. त्यांची बैठकीची खोली आणि आमची खोली यांच्यामध्ये काच आहे. ते आले की आम्ही मान वर करायची नाही, असा नियम आहे. आमच्यातली सगळ्यात जुनी बाई, जिला सगळ्या आजी म्हणतात, ती त्या दिवशी हमखास म्हणते, “चला गं, आज आपण काचेतले मासे. कुणी तोंड उघडायचं नाही, नुसते कल्ले हलवायचे.”

गेल्या वर्षी या मंडळात एक शल्यविशारद बाई नव्याने आल्या. वय ४१. ती माझी सख्खी धाकटी बहीण आहे. लग्नानंतर आडनाव बदलल्याने कंपनीत हे कुणालाही माहीत नाही. येण्याआधी तिने मला फोन केला होता. “ताई, तुमच्या कंपनीनं मला बोलावलंय. तुला चालेल ना?” मी म्हणाले, “मला कशाला विचारतेस? मी कोण?” ती म्हणाली, “बरं.” मी नाही म्हटले असते तर ती आली नसती, असे मला तेव्हाही वाटत होते आणि आजही वाटते.

पहिल्या भेटीत मंडळाला आमची खोली आतून दाखवली. ती माझ्या टेबलापाशी आली, माझ्या हातांकडे बघून पुढे गेली. आठ नंबरच्या टेबलाशी थांबली. तिथल्या मुलीला म्हणाली, “दिवसभर असं बघून डोळे दुखत नाहीत का?” आठ नंबर ही गोष्ट आठवडाभर सांगत होती. “किती साध्या आहेत हो त्या! एवढ्या मोठ्या, पण जराही ताठा नाही.” मी तिला हो म्हणत होते. माझा चष्मा त्या वर्षी दुसऱ्यांदा बदलला.

घरी तिच्याबद्दल काय बोलणे होते, असे विचारले असता सांगते की, आई तिला नावाने हाक मारत नाही, ‘माझी डॉक्टर’ म्हणते. मी कामावरून आले की पहिला प्रश्न असतो, “डॉक्टरचा फोन आला होता का?” फोन आईकडेच असतो.

आता गुरुवारचा प्रकार सांगते. मंडळापुढे तीन नमुने ठेवायचे होते, तीन वेगळ्या तऱ्हांनी शिवलेले. त्यातून एक निवडला जाणार होता आणि वर्षअखेर तो माणसांमध्ये बसवून बघायचा होता. तिसरा नमुना मी शिवला होता. प्रत्येक नमुना द्रावण भरलेल्या सीलबंद काचेच्या बाटलीत असतो. बाटलीवर शिवणारीचा नंबर नसतो, फक्त एक, दोन, तीन. मंडळाला कळू नये, हाच त्यामागचा हेतू आहे.

त्या नमुन्यात मी एक चूक केली. चूक म्हणजे मुद्दाम केली. शेवटची गाठ मारली की तिथेच दोरा कापायचा, असे कंपनीच्या पुस्तकात आहे. मी गाठीनंतर एक टाका मागे गेले आणि दोऱ्याचे टोक आवरणाखाली दडवले. असे आम्ही दोघी आईकडून शिकलो, शाळेचे दप्तर फाटले होते तेव्हा. माझा टाका सरळ आला, तिचा वाकडा. ती रडली होती. मी उसवून तिचाही शिवून दिला. सतरा वर्षांत कंपनीच्या झडपेत तो टाका मी कधी घातला नव्हता. या वेळी का घातला, असे विचारले असता, तिने ओळखावे म्हणून, असे उत्तर आहे.

नमुन्यांना हातमोजे घातलेल्या शिवणारीनेच हात लावायचा असतो, म्हणून ट्रे धरायला मला बैठकीत उभे केले होते. दुपारी तीनच्या सुमारास बहिणीने बाटलीच्या काचेतूनच भिंगाखाली तिन्ही झडपा बघितल्या. तिसरीवर ती बराच वेळ होती. मग म्हणाली, “ही. हिचा शेवट बघा. टाका मागे येऊन लपलाय. पाकळी उघडमीट करताना इथं दोरा टोचणार नाही. हे कुणी सुचवलं?”

डिझाइनचे साहेब म्हणाले, “आमच्या टीमनं.” त्यांनी तो टाका तेव्हा पहिल्यांदाच बघितला होता.

ती म्हणाली, “वा. डोकं चाललंय.”

मी तिच्यापासून दीड हातावर ट्रे धरून उभी होते. तिने माझ्याकडे बघितले नाही. बाकीच्या चौघांनी माना डोलावल्या. तिसरा नमुना निवडला गेला.

बैठक चहासाठी थांबली. ट्रेवर कापड झाकून मी तो कपाटाच्या खोलीत नेला. वाटेत तिसरी बाटली काढून कोटाच्या खिशात टाकली. तिथे नमुने मोजून ताब्यात घेणाऱ्या तपासणीच्या मॅडमना डॉक्टरांच्या गाड्यांची घाई होती. त्यांनी कापड न उचलता ‘तीन बाटल्या मिळाल्या’ या ओळीसमोर सही केली. मीही केली. चार वाजता माझी पाळी सुटली. फाटकावर पिशवी तपासली. बाटली जेवणाच्या डब्यात होती. रिकामा डबा कुणी उघडून बघत नाही. बाटलीचे मला काहीच करायचे नव्हते. ती विकायचा किंवा कुणाला दाखवायचा विचार माझ्या मनात आला नाही. ती तिला मिळू नये, एवढेच होते.

पुढचे मला शुक्रवारी कळले. चारनंतर बाकीचे डॉक्टर निघाले, पण बहीण थांबली. तिसरा नमुना पुन्हा एकदा एकटीने बघायचा आहे, असे ती म्हणाली. मॅडमनी झाकलेला ट्रे तिच्यासमोर ठेवला आणि त्या फोन घ्यायला बाहेर गेल्या. परत आल्या तर दोनच बाटल्या. “मी ट्रे ठेवला तेव्हा तीन होत्या,” असे मॅडमनी सांगितले. कापड न उचलता सही केली, हे त्या कसे सांगणार? बहिणीला विचारले तेव्हा ती म्हणाली, “हो, तीन होत्या. तिसरी मी हातात घेतली होती. पुढचं आठवत नाही.”

हे खोटे आहे. ट्रेमध्ये दोनच होत्या. कापड उचलल्यावर तिसरी कुणी नेली, ते तिला कळले असणार.

शुक्रवारी कंपनीने बहिणीवर संशय घेऊन आपल्याकडे तक्रार दिली. गेल्या उन्हाळ्यात तिने झडपा बनवणाऱ्या दुसऱ्या एका कंपनीत व्याख्यान दिले होते, त्याचाही त्यात उल्लेख झाला. त्याच दिवशी ट्रेच्या नोंदीवर पुन्हा सही करायला मला बोलावले, तेव्हा टेबलावर तिची फाइल उघडी होती. सल्लागार होताना भरायचा एक फॉर्म असतो. त्यात प्रश्न आहे: आपला कोणी जवळचा नातेवाईक या कंपनीत काम करतो का? तिने लिहिले होते, नाही. अक्षर मी ओळखले. ‘ना’चा काना ती खाली ओढते. पाटीवर मीच तिला हात धरून शिकवला होता, तेव्हाही खालीच ओढायची.

मी सही केली आणि जागेवर येऊन बसले. आजी म्हणाली, “काय गं, चेहरा का असा? चोर सापडला वाटतं. मी म्हटलंच होतं, मोठ्या लोकांचे खिसेही मोठे.” सगळ्या हसल्या. मीही हसले.

शुक्रवार आणि शनिवार मी गप्प राहिले. घाबरून गप्प राहिले असे लिहून घेऊ का, असे साहेबांनी विचारले. तसे लिहू नये. मला बरे वाटत होते. त्या दोन दिवसांत माझ्या हातून एकही टाका चुकला नाही.

रविवारी दुपारी बहीण घरी आली. आई आत झोपली होती. बहीण शिवणयंत्राच्या स्टुलावर बसली. बाटली त्याच यंत्राच्या खणात होती. आमच्यात पुढील बोलणे झाले.

“तुझ्याकडे आहे ना?”

“काय?”

“ताई, मी अजून शहाणी झालेली नाही, पण इतकी खुळीही नाही.”

मी आतल्या खोलीचे दार लोटून घेतले.

“टाकून दे,” ती म्हणाली. “शेवटी माझ्या हातात होती असं मी सांगून टाकलंय. तुला कुणी विचारलं तर तूही तेच सांग.”

“का?”

“तुझी नोकरी जाईल.”

“आणि तुझं?”

“माझं काय? हे नाही तर दुसरीकडे बोलावतील. थोडे दिवस लोक बोलतील, मग विसरतील. तुला या वयात कुठं काम मिळणार?”

ती प्रेमाने म्हणाली. डोळ्यांत पाणी होते. तिचे म्हणणे बरोबरही आहे. तिला दुसरीकडे बोलावतील, मला नाही. तितक्यात आई उठून आली आणि म्हणाली, “डॉक्टर, कधी आलीस? ताईनं चहा विचारला का नाही?” मी चहा टाकायला गेले. फॉर्मबद्दल मी तिला विचारले नाही.

आज आपण होऊन का आलात, असे विचारले असता सांगते. ती निर्दोष आहे म्हणून आले, असे लिहावे. ते खरे आहे. पण त्याने पुरे होत नाही. शिकणे तिला मिळाले, आई तिला मिळाली, माझा टाकाही त्या दिवशी तिच्या तोंडून दुसऱ्याच्या नावावर गेला. आता माझ्यासाठी झीज सोसायचा मोठेपणाही तिलाच मिळणार, हे मला सहन झाले नाही. हे लिहून घ्यायचे की नाही, ते साहेबांनी ठरवावे.

बाटली मी आज सोबत आणून जमा केली आहे. सील उघडलेले नाही. आत झडप पूर्ण आहे. तो मागचा टाका पुस्तकाबाहेरचा असल्याने आता हा नमुना नापास होईल, म्हणजे माझ्या तेरा होतील. ती माझी बहीण आहे हे या जबाबात आल्याने तिचा फॉर्म खोटा ठरेल आणि तिचे सल्लागारपद जाईल, हेही मला माहीत आहे. ते वगळून जबाब देता येईल का, असे मी आधीच विचारले होते. येणार नाही, असे सांगण्यात आले.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. दोन ठिकाणी मी थांबवले आणि दुरुस्त करून घेतले. तो मी सांगितला तसाच आहे. कुणी दबाव आणलेला नाही.

सही करण्याआधी एक विनंती लिहून घ्यावी. बहिणीला इथे बोलावतील तेव्हा फॉर्ममधला तो एक प्रश्न तिला पुन्हा तोंडी विचारावा आणि त्या वेळी मला त्याच खोलीत बसू द्यावे. अशी पद्धत नाही, हे साहेबांनी मला आत्ताच सांगितले आहे. तरीही लिहून घ्यावे.