नसेवरची साल

हॅलो?… हो ताई, इंदुमतीच. जयभीम… झालं ऑपरेशन, झालं! सकाळी आत नेलं होतं, आत्ता दिवे लागायच्या वेळेला बाहेर आणलं… हो, शुद्धीवर येऊन राहिले तुमचे भाऊ.

काय?… नाही, सगळी गाठ नाही काढली. थोडी ठेवली… अहो ताई, ओरडू नका, ऐका ना! चुकून नाही राहिली. मुद्दाम ठेवली.

मी काहून वकिली करू डॉक्टरांची?… सांगून राहिले ना! गाठ होती ऐकण्याच्या अन् तोल सांभाळायच्या नसेवर. तिला खेटूनच चेहऱ्याची नस. गाठीनं दाबून दाबून त्या नसेचा पार पापुद्रा केला होता. शेवटची साल तिलाच चिकटलेली. ती खरवडली असती तर अर्धं तोंड लुळं पडलं असतं, डोळा मिटला नसता…

हो ना! ऑपरेशन करणाऱ्या शेखावत मॅडम म्हणाल्या, ‘सगळी काढली असती तर मला शाबासकी मिळाली असती, पण यांचा घास गालातून सांडला असता.’ असं कोण बोलतं ताई?… दिवसभर पाठ वाकवून उभ्या होत्या. यांच्या गालाला तारा लावलेल्या, नसेला जरा धक्का लागला की मशीन वाजायचं, अन् मॅडमचा हात तिथंच थांबायचा. काय हात असेल तो!

परत वाढली तर?… दरवर्षी एमआरआय करायचा. वाढलीच तर किरणं देतात म्हणे.

उजवा कान… गेला ताई. ते आधीच सांगितलं होतं… नाही हो, तुमच्या लसणाच्या तेलानं काही नाही झालं! मळ समजून मीच तर घालत होते रोज. आतल्या गाठीला तेल काय करणार?

तोंड?… अजून कळलं नाही. मला तीच धाकधूक आहे. मॅडम म्हणाल्या, नस शाबूत आहे, पण हलेल तेव्हा खरं…

थांबा, सिस्टर बोलावते… हाँ जी, बस दो मिनट!… ताई, आत आले. यांच्या डाव्या कानाला लावते फोन. बोला तुम्ही, भावाशी बोला…

अहो… ताई! काय म्हणालात त्यांना?… लहानपणीसारखं सुक्या म्हणालात? अहो, हसले! हसले हे!… नाही, वाकडं नाही! दोन्हीकडून, ताई, दोन्ही गाल वर गेले…

रडा, रडा आता. मी फोन ठेवते. मॅडम जायच्या आत त्यांना हे हसू दाखवते.