हिरवी पट्टी

तात्या : मला वळसं नको घालूस. एवढंच सांग, शिरोळच्या जोतीरामच्या पोरीच्या फोटोवर ‘जमलं’ कुणी लावलं?

निशिगंधा : तात्या, आधी बसा तरी. जिना चढून आलाय, धाप लागलीय तुम्हाला.

तात्या : धाप जिन्यानं न्हाय लागली. सकाळच्या पारी त्यो जोतीराम फोनवर नुसता वरडत हुता. म्हणतोय, आकारामराव, दिवाळीपासनं एक स्थळ आलं न्हाय म्हणून भाच्यानं तुमची साइट उघडून बघितली, तर माझ्या वर्षाराणीच्या फोटोवर हिरवी पट्टी. जमलं म्हणून. कुणाशी जमलं? मला बापाला पत्त्या न्हाय. आता मी काय बोलू त्याला? वधू-वर मंडळाचा अध्यक्ष मी, साइटची ॲडमिन माझी सख्खी पुतणी, आणि मला बी पत्त्या न्हाय.

निशिगंधा : मी लावली पट्टी.

तात्या : चुकून?

निशिगंधा : नाही.

तात्या : चुकून म्हण की गं.

निशिगंधा : तिचा फोन आला होता तात्या, मंडळाच्या नंबरावर. सीएची शेवटची परीक्षा आहे तिची, मे महिन्यात. दर रविवारी घरात पावणं. साडी नेसायची, पोहे द्यायचे, खाली मान घालून बसायचं. मग संध्याकाळी पुस्तक उघडलं तरी डोक्यात काही शिरत नाही म्हणाली. परीक्षेपुरतं माझं नाव काढा, एवढंच म्हणत होती.

तात्या : मग बापाला सांगायचं की तिनं.

निशिगंधा : सांगितलं होतं. स्थळं काय परीक्षेसाठी थांबत्यात व्हय, म्हणाला तो. आणि नाव मला काढता येत नव्हतं. ज्यानं नोंदवलं त्यानंच काढायला सांगायचं, हा नियम तुमचाच. पट्टी तेवढी माझ्या हातात होती. पट्टी असली की कोण विचारत नाही.

तात्या : आगं पण तू कोण लागून गेलीस? ॲडमिनचं काम काय आसतंय?

निशिगंधा : सांगू? आलेल्या नोंदी तपासायच्या. फोटो त्याच माणसाचा आहे का, पंधरा वर्षांपूर्वीचा तर नाही ना, बघायचं. एक लग्न मोडलेला असून अविवाहित म्हणून नाव घालणाऱ्याला फोन करायचा आणि त्याच्या आईच्या शिव्या खायच्या. मुलींचे नंबर झाकून ठेवायचे, नाहीतर रात्री-अपरात्री कुणीही फोन करतं. पत्रिका चढवायच्या, उतरवायच्या. साइट चालली की मंडळाचं नाव, बंद पडली की निशिगंधा काय करत बसली होती.

तात्या : व्हय, पण ह्यात खोटी पट्टी लावायचं कुठं आलं?

निशिगंधा : नाही आलं.

तात्या : मग?

निशिगंधा : मग काय तात्या. रडत होती ती. मला ऐकवलं नाही.

तात्या : ऐकवलं न्हाय म्हणून लावली पट्टी. आता पुढचं ऐक. गावभर झालंय, पोरीनं परस्पर कुणाशीतरी जमवलं म्हणून. जोतीरामनं तिचा मोबाईल काढून घेतलाय. पुस्तकं पोत्यात भरून माळ्यावर टाकल्यात. परीक्षा बास म्हणतोय. उद्याच्या मेळाव्याला आणतोय तिला, आणि जे पहिलं स्थळ व्हय म्हणंल तिथं सुपारी फोडून मोकळा हुतोय.

निशिगंधा : पुस्तकं माळ्यावर टाकली?

तात्या : टाकली की.

निशिगंधा : म्हणजे मीच घालवली तिची परीक्षा.

तात्या : आता डोळं पुसत बसू नकोस. मी त्याला सांगतो, पासवर्ड पोरीकडं बी आसतोय, तिनंच लावली आसंल पट्टी. मंडळाच्या अंगावर यायला नको.

निशिगंधा : तिच्या अंगावर घालणार? आधीच कोंडलीय तिला घरात.

तात्या : मग तुझं नाव सांगू? कमिटी म्हणंल, असली ॲडमिन नको, काढा हिला. मग बस घरात वैनीच्या हाताखाली भाकऱ्या थापत. चालंल?

निशिगंधा : नाही चालणार. घरातनं बाहेर पडायला ही एवढी एक खुर्ची आहे मला. तुम्हाला माहीत आहे ते.

तात्या : म्हाईत हाय म्हणूनच सांगालोय. तुला हितं बसवली ती काय उगंच? म्हटलं, चार माणसं येत्यात, जात्यात, कुणाच्यातरी डोळ्यात भरशील.

निशिगंधा : भरले नाही. बावड्यापासून चंदगडपर्यंत सगळ्यांची जमली, सगळ्यांना मीच पट्ट्या लावल्या. कुणाची पोरं शाळेत जायला लागली. माझा फोटो आहे तिथंच. माझं शिक्षण, नोकरी, पत्ता, सगळं मला हातानं बदलावं लागतं तात्या, वय तेवढं आपोआप वाढतं. वाढदिवसाला सकाळी येऊन कॉम्प्युटर चालू केला की आकडा बदललेला असतो. घरात कुणाच्या ध्यानात नसतं, साइटच्या असतं.

तात्या : मंगळ नडला तुला. न्हाईतर तुझ्यात काय कमी हाय?

निशिगंधा : मंगळ नडला, आणि मंगळवाल्या मुलींचा वेगळा कप्पा करायला तुम्हीच लावलात. शोधणाऱ्यांची सोय व्हावी म्हणून. मंगळवाली स्थळंच तेवढी उघडतात तो. मी वर, माझ्याखाली वर्षाराणी.

तात्या : जाऊ दे ते. हे बघ, फोन वाजालाय. त्यालाच मी हितल्या नंबरावर कर म्हटलतो. दे इकडं, मी बोलतो.

निशिगंधा : थांबा. मी बोलते.

(निशिगंधा फोन उचलून स्पीकर चालू करते.)

जोतीराम : आकारामराव हाईत काय?

निशिगंधा : आहेत, शेजारीच बसलेत. मी साइटची ॲडमिन बोलते. ती पट्टी मी लावली.

जोतीराम : तुमी? कुणाच्या सांगण्यावरनं? आमच्या पोरीनं फोन केलता न्हवं? खरं सांगा ताई, कोण हाय त्यो?

निशिगंधा : कोणी नाही. तुमच्या मुलीचा काही संबंध नाही ह्यात. चूक माझी. माझंही नाव आहे साइटवर, तिच्या बरोब्बर वर. माझं जमलं. मला लावायची पट्टी घाईघाईत खालच्या फोटोवर लागली.

तात्या : आगं ए.

जोतीराम : तुमचं जमलं म्हणून लावाय गेला, आणि आमच्या पोरीला लागली?

निशिगंधा : हो.

जोतीराम : आणि एवढं दिवस कळलं न्हाय तुमाला?

निशिगंधा : नाही कळलं. काय बोलायचं ते मला बोला.

जोतीराम : तुमाला बोलून काय करू? पोरगी अंबाबाईची शपथ घिऊन सांगत हुती, कोण न्हाय ओ आप्पा, कोण न्हाय. मी ऐकलं न्हाय. हात उगारला की ओ तिच्यावर. आजपतोर कधी बोट लावलं न्हवतं.

निशिगंधा : काका, पुस्तकं द्या तिची खाली काढून.

जोतीराम : देतो. पण उद्याच्या मेळाव्याला पट्टी काढा आधी.

निशिगंधा : काढते, आत्ताच्या आत्ता. पण मेळाव्याला आणू नका तिला. इतके दिवस जमलं म्हणून दिसत होतं, आणि उद्या एकदम स्टेजवर उभी केली तर लोक काय म्हणतील? जमलेलं मोडलं म्हणतील. त्यापेक्षा मी तिचं नाव थोडे दिवस झाकून ठेवते. मे महिन्यात परीक्षा झाली की नव्यानं घालू. सीए झालेली मुलगी म्हणून.

जोतीराम : मोडलं म्हणतील व्हय?

निशिगंधा : तात्यांना विचारा.

जोतीराम : काय ओ आकारामराव, म्हणतील?

तात्या : म्हणतील की. आपल्या लोकांची तोंडं तुमाला म्हाईत न्हाईत व्हय? थांबा मेपतोर. पोरगी काय पळून चाललीय?

जोतीराम : बरं, ऱ्हायलं मग. तिच्या आईला सांगतो, दोन घास खाईल तरी. आणि ताई, रागाच्या भरात बोललो, मनात धरू नका. पावणं कुठलं तुमचं?

निशिगंधा : तात्या सांगतील सगळ्यांना.

जोतीराम : पेढं ऱ्हायलं बघा तुमच्याकडं. ठेवतो.

तात्या : झालं समाधान? उद्या समदा मेळावा मला विचारंल, पुतणीचं कुणाशी जमलं म्हणून. काय सांगू?

निशिगंधा : वर्षाराणीची पुस्तकं खाली आली ना. मला तेवढंच पाहिजे होतं.

तात्या : आणि तुझं काय? आज जमलं म्हणतील, चार म्हैन्यांनी मोडलं म्हणतील. त्या पोरीवरचं काढलंस आणि स्वतःवर घेतलंस. आधी मंगळ, वर मोडलेलं. पुन्हा स्थळ म्हणून येणार न्हाय दारात, कळतंय का?

निशिगंधा : कळतंय.

तात्या : मग पुढं काय?

निशिगंधा : पुढं मंडळाचा नियम. ज्यानं नोंदवलं त्यानं सांगायचं. माझं नाव तुम्ही घातलंय. सांगा, लावू पट्टी?

तात्या : मी कसं सांगू पोरी? तुझ्या बापाचा हात हातात घिऊन म्हटलतो, हिला उजवीन म्हणून.

निशिगंधा : तुम्ही पुष्कळ केलंत तात्या. मी दमले आता. दर येणाऱ्या माणसापुढं स्वतःचाच फोटो उघडून बसायचं, आणि तो म्हणणार, हिच्या खालची दाखवा. नको झालंय मला.

तात्या : कधी बोलली न्हाईस.

निशिगंधा : तुम्ही विचारलं नाही.

तात्या : लाव मग. मी म्हणतोय म्हणून लाव. उद्या कोण विचारलंच तर बघू काय सांगायचं ते.

निशिगंधा : लावते.

तात्या : फोटो निघंल काय गं तुझा त्यानं?

निशिगंधा : नाही. फोटो राहतो, नाव राहतं, मंगळ पण राहतो. वय तेवढं वाढायचं थांबतं.